चार पोस्टकार्डांवर उभी गाडी

टायरचा भाव सरळ सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. सराफ्यात सोन्याचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो, मोंढ्यात तुरीचा भाव हमालाच्या पोरालाही पाठ असतो. टायरवाला मात्र भाव विचारला की उलट आपल्यालाच विचारतो, "साइज?" आणि आपण गप्प. बुटाची साइज माहीत असते, शर्टाची असते, बायकोच्या बांगड्यांची माहीत नसली तरी माहीत असल्याचं सोंग आणता येतं. टायरच्या साइजचं सोंग आणता येत नाही. "मीडियम" म्हणून पाहिलं, तर पलीकडून फोन बंद झाला.

साइज टायरवरच लिहिलेली असते, असं सगळे सांगतात. असते ना! पण काळ्या रबरावर काळ्याच रबराने, त्यावर संभाजीनगरच्या खोदकामाची धूळ, आणि गाडी कुठेही उभी करा, तो आकडा नेमका खालच्या बाजूला उलटा जातो. जालना रोडवर आकाशवाणीच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि पुढच्या चाकासमोर उकिडवा बसून मान वाकडी केली, तर चटकन माणसं जमली. "काका, काय पडलं?" एकाने विचारलं. "चाकाखाली काही आलं का?" दुसरा हळूच म्हणाला. तिसऱ्याने काही न विचारता स्वतःच्या डिकीतून जॅक आणला. साइज वाचतोय म्हटल्यावर तिघेही नाराज झाले. जॅकवाला जाताना म्हणाला, "मग मोबाइलने फोटो काढायचा ना!" हे आधी कुणी सांगत नाही.

तर साइज निघाली १६५/८० आर १४. यातले १६५ हे टायरच्या रुंदीचे मिलिमीटर. ८० म्हणजे टक्के. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, पण निम्मं शहर त्याला रेडियस समजून चालतं. आणि १४ म्हणजे इंच, रिमचा व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आमच्या गुरुजींनी अशा उत्तराला शून्य देऊन वर पालकांना बोलावलं असतं. त्यापुढे ८५ टी. हा ८५ चा आकडा वजनाचा सांकेतिक क्रमांक, एका टायरने ५१५ किलो पेलायचे. आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मुभा. हे कळल्यावर मला क्षणभर भरून आलं. माझ्यावर इतका विश्वास आजवर सासऱ्यांनीसुद्धा टाकला नव्हता. मी गाडी चाळिसाच्या पुढे नेली की आमची ही मागच्या सीटवरून "अहो" म्हणते. मोंढा नाक्याच्या पुलावर पाण्याचे टँकर मला हॉर्न देत ओव्हरटेक करतात.

टँकरावरून आठवलं. टायरच्या ग्रिपचा विषय बाकीच्या महाराष्ट्रात पावसाळ्यापुरता निघत असेल, आमच्याकडे बारमाही निघतो. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार यावर इथे घरोघरी पंचांग पाहिल्यासारखी चर्चा चालते. जायकवाडीहून येणाऱ्या नव्या नळाचा व्यास अडीच मीटर आहे हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण तो तोंडाला लागेपर्यंत टँकर आहेत, आणि टँकर गळतात. त्यामुळे भर एप्रिलमध्ये, ४२ अंशांत, सिडकोच्या वळणावर रस्ता ओला. घरात थेंब नाही आणि गाडी पाण्यावरून घसरते, हे भाग्य फारच थोड्या शहरांना लाभलं असेल.

टायर बदलायचे आहेत ही बातमी मी फक्त घरात सांगितली होती. संध्याकाळी मेहुणा हजर. मेहुणा वाळूजला असतो. वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना आहे, त्यामुळे टायरबाबत आमच्या नात्यात शेवटचा शब्द त्याचा. तो स्वतः पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कंपनीत आहे, हा मुद्दा कुणी काढत नाही.

"दाजी, चौदा काय लावता? चौदा आता रिक्षाला पण कुणी लावत नाही."

"रिक्षाचं चाक आठ इंची असतं रे."

"तेच म्हणतोय. सतरा टाका. अलॉय टाका. रोड प्रेझेन्स येतो."

मला रोड प्रेझेन्स म्हणजे रस्त्यावर हजर असणं वाटलं होतं. ते मी असतोच. खड्डा, गाय आणि मी, तिघेही जालना रोडवर नियमित हजर असतो. पण त्याचा अर्थ असा की गाडी उभी असताना लोकांनी वळून बघावं. चालताना कुणी बघत नाही, कारण चालताना ज्याला त्याला स्वतःचा जीव असतो.

या हौसेला आमच्या शहरात इतिहास आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी ठरवून एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, जवळजवळ ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारायचे, "तुझी कुठली?" आणि आपण म्हणायचं, "मी त्या वेळी गावाला गेलो होतो." त्या दिवसापासून उरलेल्या शहराला जी हुरहुर लागली आहे, ती कुठे ना कुठे बाहेर पडतेच. गाडी बदलता येत नाही, तर निदान चाक मोठं करता येतं. मर्सिडीजवाला रांगेत आपल्या शेजारी येऊन थांबला तर त्याच्या नजरेला नजर देता येत नाही, रिमला रिम तरी देता येते.

दुकानात गेलो. आत टायरांच्या उतरंडी, मधोमध बॅलन्सिंगचं यंत्र, आणि भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं कॅलेंडर, ज्यांची गाडी कुठल्या तरी बर्फाळ घाटात आहे. मी छाती काढून म्हणालो, "एकशे पासष्ट, ऐंशी, आर चौदा." मालकांनी प्रथमच मान वर करून पाहिलं.

"चौदाचा साडेचार हजाराच्या आसपास. पंधराचा सहाच्या घरात. सोळाचा आठ. सतराचं आधी गाडी बघू, मग बोलू."

"म्हणजे इंचाला दीड-दोन हजार?"

"इंचाला नाही हो साहेब. शोभेला."

माणूस प्रामाणिक निघाला. पुढचं त्यांनी समजावलं ते असं. प्रत्येक साइजचा साचा वेगळा. जी साइज लाखो गाड्यांना लागते, तिच्या साच्याचा खर्च लाखो टायरांवर पसरतो आणि चार कंपन्या एकमेकींशी भांडून भाव खाली ठेवतात. जी साइज चार शौकिनांना लागते, तिचा खर्च त्या चौघांच्याच डोक्यावर. म्हणून कधी कधी लहान पण आडवळणाची साइज मोठ्या चालू साइजपेक्षा महाग पडते, वर "पुण्याहून मागवावा लागेल" हे निराळं. रिम वाढली की टायरची भिंत आखूड होते. आखूड भिंतीला तेवढंच वजन पेलायचं म्हणून ती कडक करावी लागते, वर वेगाची इयत्ता टी वरून एच, एच वरून व्ही. थोडक्यात, रबराची भिंत कमी होत जाते आणि बिल वाढत जातं. पोटभर रबर हवं असेल त्याने स्वस्तातला टायर घ्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे मी मोठ्या अभ्यासूपणे त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आला ना. म्हणूनच तर लोक आता एक इंच वरचा मागतात."

"आणि ग्रिप?" मी विचारलं.

"ग्रिप काय, सगळ्यांनाच असते. नवीन आहेत तोवर."

हे उत्तर मला पुरेसं होतं, पण मेहुण्याला नव्हतं. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्याला, जास्त रबर म्हणजे जास्त ग्रिप, हे त्याचं म्हणणं घरी परतेपर्यंत चालू होतं. ते ऐकून आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा जिन्यातच थांबले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त अभियंत्यासमोर कुठलाही सिद्धांत मांडू नये. त्याच्या खिशात पेन असतं.

"गाडीचं वजन?"

"नऊशे किलो. आणि मी."

"धर हजार. चार चाकं, एकेकावर अडीचशे. हवा किती?"

"तेहतीस असते बहुतेक."

"म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या थोडं वर. अडीचशेला भाग. आलं एकशे दहाच्या आत-बाहेर." अण्णांनी विजेच्या बिलामागे चौकोन काढला. "चौदा बाय नऊ सेंटिमीटरचं पोस्टकार्ड असतं. त्याच्याहून थोडं कमीच. तुझी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी आहे."

मला एकदम पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. सासू, सासरे, ही, मुलं, पैठणहून आणलेली वांगी, एवढं सगळं मी चार पोस्टकार्डांवरून हाकत होतो!

"मग रुंद टायर लावला की पोस्टकार्डाचं आंतर्देशीय होतं ना?" मेहुणा.

"वजन तेच, हवा तीच, मग जागा वाढेल कशी? फार तर आकार बदलतो. आधी पोस्टकार्ड उभं होतं, आता आडवं."

"म्हणजे अलॉयसकट पाऊण लाखाला..." मी म्हणालो.

"पोस्टकार्ड आडवं करून मिळतं."

पण अण्णा हट्टी असले तरी अप्रामाणिक नाहीत. कोरड्या रस्त्यावर, जोरात वळण घेताना, रुंद आणि आखूड भिंतीचा टायर खरोखर जास्त धरतो, हे त्यांनी मान्य केलं. भिंत डुलत नाही, आडव्या पट्ट्याचा ताबा चांगला मिळतो, आणि बहुतेक वेळा अशा टायरांचं रबरही जरा मऊ, चिकट असतं. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं असं शाळेत शिकवतात, पण रबराला शाळेत घातलेलं नसल्यामुळे ते तो नियम अगदी तंतोतंत पाळत नाही. मेहुण्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात अण्णांनी मला विचारलं, "तू जोरात वळतोस का?"

"नाही हो. मी वळणाआधी थांबतो. मग वळतो."

"मग तुला उभं पोस्टकार्ड चालेल. साचलेल्या पाण्यात तर तेच बरं. रुंद टायरला पुढचं पाणी बाजूला सारायची जास्त खटपट. नाही सरलं की गाडी पाण्यावर चढते आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं. खाचा खोल असतील तर पाणी त्यातून जातं. खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की टायर कायद्यानेच बाद. तुझ्या किती आहेत?"

माझ्या खाचा बघायला आम्ही तिघे बॅटरी घेऊन खाली गेलो. पुढच्या टायरांवर नक्षी होती अशी आठवण तेवढी शिल्लक होती. खाचांच्या तळाशी जे बारीक उंचवटे असतात, झीज तिथवर आली की टायर काढायचा अशी खूण म्हणून, ते नक्षीशी केव्हाच समपातळीत आले होते. स्टेपनी मात्र काढली तर थक्क झालो. डिकीच्या तळाशी, सतरंजी, जुनी छत्री आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका यांच्याखाली, ती शोरूममधून आली तशीच पडलेली. अंगावर ते कारखान्यातले रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. मी हात फिरवणार, इतक्यात अण्णांनी भिंतीवरचा चार आकडी शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अण्णांनी आठवडा आणि वर्ष मोजून सांगितलं. आमच्या हिने वरच्या गॅलरीतून ऐकलं आणि म्हणाली, "अगंबाई, म्हणजे आपल्या धाकट्यापेक्षा मोठी!" न वापरलेलं रबरही म्हातारं होतं, कडक पडतं, असं अण्णा म्हणाले. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने ते म्हणावं याला वजन होतं.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून शहराला टायरची जाण आली, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, गाड्यांना १२० ची मर्यादा मिळाली, आणि सरळसोट तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटू लागले. मग आरटीओची माणसं प्रवेशापाशी टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवू लागली. सावंगीच्या बाजूचा एक संवाद आमच्या ऑफिसात अजून सांगितला जातो. "साहेब, पुढचे दोन नवे आहेत." "आणि मागचे?" "मागचे काय, पुढच्यांच्या मागेच येतात."

त्याच ऑफिसात आमचा एक सहकारी आहे, त्याने रिम वाढवलीच, वर टायरही फुगवला. मूळचा १६५/८० आर १४ वाला पंधरा इंची रिमवर गेलाच होता, तिथे मापाची १८५/६५ सोडून त्याने १९५/६५ चढवला. चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटरवरून साडेत्रेसष्टच्या जवळ गेला. आता चाक एका फेरीत जास्त जातं आणि मीटरला त्याचा पत्ता नाही. शंभर किलोमीटर गेलं की मीटर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच मोजतं. दर महिन्याला तो तक्रार करतो, "अॅव्हरेज पडलं." एकाने त्याला हिशेब सांगितला की थोडं खरंच पडलंय आणि थोडं मीटरच कमी मोजतंय. तेव्हापासून तो आनंदात आहे. म्हणतो, "म्हणजे विकताना गाडी कमी पळालेली दिसेल!" पाच माणसं बसवून पैठणला लग्नाला निघाला की मागचं चाक मडगार्डला घासतं आणि वरातीच्या आधीच बँड सुरू होतो, एवढं सोडलं तर सुखी आहे.

ग्रिपसाठी सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे हवा. स्वस्त आहे हेच तिचं दुर्दैव. पंपावर हवेच्या नळीपाशी गेलो की तिथला पोऱ्या ठरलेला प्रश्न विचारतो.

"साब, कित्ती मारूं?"

"नेहमीचीच."

"आपकी नेहमीची म्हणजे कित्ती?"

"तू मागच्या वेळी किती मारली होतीस?"

"मैं तो नया हूं साब."

मागून एक मोटारसायकलवाला म्हणतो, "उन्हाळा है, अठ्ठावीस मारो." रिक्षावाला म्हणतो, "नक्को नक्को, पैंतीस. फैमिली है ना." तिथे हवेवर एवढी मतं असतात की निवडणुकीत नसतात. खरं तर उत्तर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर चिकटवलेलं असतं. पांढरा स्टिकर, त्यावर माणसांची आणि बॅगांची चित्रं, इतकी माणसं बसली तर इतकी हवा, टायर थंड असताना. गेली कित्येक वर्षं मी रोज तो दरवाजा उघडतो, तो स्टिकर मी गाडीच्या जन्माचा दाखला समजत होतो. हवा कमी असली की टायर कडांवर झिजतो, तापतो. जास्त झाली की मधोमध झिजतो आणि गाडी खड्ड्यात उड्या मारते. हे फुकट असल्यामुळे कुणी मनावर घेत नाही. नायट्रोजनचे पैसे लागतात, तो सगळे आवर्जून भरतात. आपल्या साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच आहे, हे मी पंपावर एकदा बोललो. पोऱ्या म्हणाला, "वो आपके घर की हवा होगी साब."

शेवटी मी तीच मूळची साइज घेतली. मेहुण्याने मात्र स्वतःच्या गाडीला २०५/४५ आर १७ चढवले, अलॉयसकट. भिंत १३२ वरून ९२ मिलिमीटरवर आली. गाडी उभी असताना खरोखर देखणी दिसायची, म्हणून पहिला आठवडा त्याने ती उभीच ठेवली. मग बीड बायपासला एका खड्ड्यात डावं चाक गेलं. एरवी रबराची भिंत दबते आणि खड्डा गिळते. इथे दबायला भिंतच नव्हती. रिमची कड वाकली, टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला. "साब, ये नहीं चलेगा, फटेगा," पंक्चरवाला म्हणाला. मेहुण्याने नवा टायर मागवला. पुण्याहून.

श्रावणात सगळे मिळून म्हैसमाळला निघालो, दोन गाड्या. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात नेहमीची कोंडी. सातशे वर्षांपूर्वी तुघलकाने अख्खी दिल्ली इकडे हलवली तेव्हाही त्या रस्त्यावर इतकाच वेळ लागला असावा. खुलताबादच्या पुढे धुकं, रिमझिम, आणि कणसांचा धूर. कणसं खायला म्हणून मेहुण्याने गाडी रस्त्याच्या खाली, एका बांधालगतच्या मोकळ्या जागेत घातली. मी मागोमाग.

काळी माती ही काय चीज आहे हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही. निघताना मेहुण्याचे रुंद टायर वरच्या वर भिरभिरू लागले. नक्षी चिखलाने बुजली, चाकं गुळगुळीत काळी झाली आणि अलॉय दिसेनासे झाले. "दाजी, रेज देऊ का?" तो आतून ओरडला. द्यायचं तेवढं देऊन झालं होतं. माझ्या पांढऱ्या शर्टावर चिखलाचा नकाशा उमटला होता. माझे बारीक टायर मात्र घसरले नाहीत. ते शांतपणे खाली गेले. तळ लागेपर्यंत.

जवळच्या शेतातून एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. उतरून त्यांनी आधी मेहुण्याचं चाक पाहिलं, बोटाने चिखल काढून अलॉय पाहिला, मग माझं पाहिलं.

"ह्या टायरला काय पडले?"

मेहुण्याने आकडा सांगितला. मामांनी दोर बांधता बांधता आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे एक नजर टाकली, त्याच्या खोल खाचांकडे, आणि काही बोलले नाहीत.

"मामा, ओढायचं काय घ्याल?"

"याचे पाचशे," ते मेहुण्याच्या गाडीकडे बोट करून म्हणाले. "अन् त्या बारक्या टायरवाल्याचे तीनशे."

"असं कसं मामा? चिखल एकच, ट्रॅक्टर एकच!"

"साइजप्रमाणं हाय ते," मामा म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले.